‘पेर गोरिओ’मधील जमाखर्च

बाल्झॅकच्या ‘पेर गोरिओ’ या १८३५ च्या कादंबरीचें नांव अलीकडे साहित्याच्या वर्तुळाबाहेरहि ऐकूं येतें, याचें बरेंचसें श्रेय एका अर्थशास्त्रज्ञाकडे जातें. तोमा पिकेटी यांनीं भांडवलावरील आपल्या २०१३ च्या फ्रेंच ग्रंथांत संपत्तीच्या विषमतेचा विचार करितांना या कादंबरीस साक्षीला बोलाविलें आहे. साक्षीदार उत्तम निवडला; पण त्याची साक्ष अर्धीच नोंदली गेली, असें आम्हांस वाटतें.

पिकेटी यांचा भर आहे तो व्होत्रँच्या भाषणावर. पॅरिसमध्यें मादाम व्होकेच्या घरीं जेवणासह खोली घेऊन राहणाऱ्या मंडळींत हा तुरुंगांतून पळालेला गुन्हेगार आहे, आणि रास्तिन्याक हा कायद्याचा गरीब विद्यार्थीहि आहे. व्होत्रँ त्याला बजावतो, कीं मान मोडून अभ्यास केलास, तर तिशीच्या सुमारास १,२०० फ्रँक सालिना वेतनाचा न्यायाधीश होशील. उलट याच घरांतील व्हिक्टोरिनशीं लग्न केलेंस, तर हुंडा १० लाख. ५ टक्क्यांनीं त्याचें उत्पन्नच सालाचें ५०,००० फ्रँक! मध्यें अडचण काय ती तिच्या भावाची. त्याला द्वंद्वांत मारविण्याची तजवीज व्होत्रँ करील, आणि दलाली घेईल २ लाख.

श्रमाला वारसा गांठतां येत नाहीं, हा यांतील धडा पिकेटी आंकड्यांनीं पटवितात. फ्रान्समध्यें दरसाल वारसाहक्कानें हातांतर होणारी संपत्ति १९१४ पूर्वीं राष्ट्रीय उत्पन्नाच्या २० ते २५ टक्के असे. १९५० च्या सुमारास ती ५ टक्क्यांखालीं आली, आणि २०१० पर्यंत पुन्हां १५ टक्क्यांच्या आसपास चढली.

परंतु व्होत्रँ हा सौदा पटवावयास बसलेला मनुष्य आहे. कादंबरीचा खरा जमाखर्च गोरिओच्या खात्यावर आहे. हा शेवयांचा व्यापारी. क्रांतिकाळांतील धान्यटंचाईंत, म्हणजे इतरांच्या भुकेवर, श्रीमंत झालेला. दोन मुलींना त्यानें प्रत्येकी सुमारें ५ लाख दिले. एक काउंटाकडे पडली, दुसरी सावकाराकडे. प्रथम तो १,२०० फ्रँक भरून पहिल्या मजल्यावर राहतो. त्या न्यायाधीशाचा वर्षाचा सगळा पगार या एका म्हाताऱ्याच्या राहण्याजेवण्यांत संपला असता! पुढें तो वरच्या मजल्यावर जातो, ९०० फ्रँकांवर; मग तिसऱ्यावर, महिना ४५ फ्रँकांवर. जिना चढत जातो तसतसा मनुष्य खालीं येतो. (आमच्या कादंबऱ्यांत नायकाचें दारिद्र्य पुष्कळ असतें, पण पगार किती, घरभाडें किती, हें सांगावयास लेखक बहुधा संकोचतात.)

पिकेटींच्या कोष्टकांत वारसा घेणारा दिसतो, देणारा दिसत नाहीं. येथें गरीब व श्रीमंत यांच्यांतील दरी एकाच रक्ताच्या माणसांमधून जाते. बापाच्या शेवयांच्या पैशानें ज्यांना प्रतिष्ठा लाभली, त्यांच्या दिवाणखान्यांत बापाला जागा नाहीं. कारण त्याला पाहिलें, कीं शेवया आठवतात.

गोरिओच्या प्रेतयात्रेंत दोन्ही जांवयांच्या कुलचिन्हें रंगविलेल्या गाड्या येतात, पण रिकाम्या. खड्डा खणणाऱ्यांना बक्षिसी द्यावयास रास्तिन्याकपाशीं कांहीं उरलेलें नसतें. तो मादाम व्होकेच्या नोकराकडून २० सू, म्हणजे १ फ्रँक, उसना घेतो. त्याच संध्याकाळीं तो जेवावयास जातो, तो गोरिओच्या धाकट्या मुलीकडे.