साथरोग-रोखे आणि सार्वजनिक आरोग्य : जागतिक बँकेच्या एका प्रयोगाची चिकित्सा

प्रस्तावना

सार्वजनिक आरोग्यव्यवस्था करांच्या पैशावर आणि लोकप्रतिनिधींच्या निर्णयांवर उभी राहते, ही विसाव्या शतकातील सर्वसाधारण धारणा होती. गेल्या काही दशकांत तिच्या जोडीला दुसरी धारणा रुजली. शासनाची तिजोरी अपुरी असेल तर आरोग्यावरील जोखीम भांडवली बाजारात विकावी, ही ती धारणा होय. तिचा सर्वाधिक स्पष्ट आविष्कार म्हणजे जागतिक बँकेने २०१७ मध्ये बाजारात आणलेले साथरोग-रोखे. प्रस्तुत लेखात या प्रयोगाची रचना, फलित आणि त्यामागील विचार यांची चिकित्सा केली आहे.

योजनेचे स्वरूप

पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ या काळात इबोलाने ११ हजारांहून अधिक बळी घेतले. मदतीचा पैसा उशिरा पोहोचला, ही त्या वेळची प्रमुख तक्रार होती. तिला उत्तर म्हणून बँकेचे तत्कालीन अध्यक्ष जिम योंग किम यांच्या कारकिर्दीत 'साथरोग आपत्कालीन वित्तपुरवठा सुविधा' आकाराला आली. तिचे दोन भाग होते : एक विम्याचा व दुसरा थेट रोख मदतीचा. विमा विभागासाठी ३२ कोटी डॉलरचे रोखे विकण्यात आले आणि सुमारे १०.५ कोटी डॉलरचे स्वॅप करार झाले. रोख्यांचे दोन वर्ग होते. पहिल्या वर्गाच्या गुंतवणूकदारांना लिबोर दरावर ६.५ टक्के, तर अधिक जोखमीच्या दुसऱ्या वर्गाच्या गुंतवणूकदारांना ११.१ टक्के अधिक परतावा मिळणार होता. ठरलेले निकष पूर्ण होतील एवढी साथ पसरली, तर गुंतवणूकदारांचे मुद्दल पूर्णतः वा अंशतः गरीब देशांना जाणार होते. अन्यथा जुलै २०२० मध्ये ते त्यांना परत मिळणार होते. विम्याचा हप्ता प्रामुख्याने जपान व जर्मनी या देशांनी दिलेल्या निधीतून भरला जात होता.

निकष आणि वास्तव

या योजनेचा प्राण तिच्या निकषांत होता आणि तिचे अपयशही तेथेच होते. ऑगस्ट २०१८ मध्ये काँगोच्या पूर्व भागात इबोलाची साथ जाहीर झाली. ती जून २०२० पर्यंत चालली व तिच्यात २,२०० हून अधिक माणसे दगावली. तरीही विमा विभागातून एक डॉलरही मिळाला नाही. कारण २५० मृत्यूंच्या अटीबरोबरच दुसऱ्या देशात किमान २० मृत्यू होणे आवश्यक होते. शेजारच्या युगांडाने रोग सीमेवरच रोखून धरला. म्हणजे आरोग्ययंत्रणेचे यश हेच मदत न मिळण्याचे कारण ठरले. काँगोला जी मदत मिळाली ती दात्यांच्या निधीवर चालणाऱ्या रोख विभागातून मिळाली, बाजारातून नव्हे.

कोविडच्या बाबतीत हेच चित्र वेगळ्या रीतीने दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी आंतरराष्ट्रीय आणीबाणी व ११ मार्च रोजी महासाथ जाहीर केली. परंतु करारानुसार साथीच्या आरंभापासून १२ आठवडे लोटणे आणि मृत्युसंख्या, देशांतर प्रसार व वाढीचा वेग या साऱ्यांचे गणित जुळणे आवश्यक होते. एप्रिलच्या मध्यात रक्कम खुली झाली तेव्हा जगात सव्वा लाखाहून अधिक मृत्यू नोंदले गेले होते. मिळालेले सुमारे १९.६ कोटी डॉलर ६४ देशांत वाटले गेले. सरासरी प्रत्येकी ३० लाख डॉलर.

चिकित्सा

गुंतवणूकदारांनी फसवणूक केली, असा आरोप येथे करता येत नाही. त्यांनी करारातील अटी पाळल्या. प्रश्न वृत्तीचा नसून रचनेचा आहे. रोगनियंत्रणाचे शास्त्र सांगते की पहिल्या काही रुग्णांच्या वेळी खर्च केलेला थोडा पैसा नंतरच्या मोठ्या खर्चाहून मोलाचा असतो. बाजाराला मात्र हानी घडल्याचा निर्विवाद पुरावा हवा असतो; आणि साथीत असा पुरावा म्हणजे मृतदेहांची मोजणी. ज्या देशांत प्रयोगशाळा तुटपुंज्या असतात, तेथे मृत्यूची खात्रीशीर नोंदही उशिरा होते. परिणामी व्यवस्था जितकी दुबळी, तितकी मदत दूर, असा उलटा न्याय निर्माण होतो.

योजनेच्या समर्थकांचा एक युक्तिवाद विचारार्ह आहे. ठरलेल्या निकषांमुळे राजकीय चालढकल टळते, असे ते म्हणतात. परंतु ती टळली नाही, केवळ तिची जागा बदलली. चालढकल सभागृहातून कराराच्या परिशिष्टात गेली आणि तेथे तिला जाब विचारणारे कोणी उरले नाही.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा अनुभव अपरिचित नाही. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत नुकसानभरपाई प्रत्यक्ष बागेच्या पाहणीवर नव्हे, तर संदर्भ हवामान केंद्रातील नोंदींवर ठरते. बाग उद्ध्वस्त झाली, पण केंद्रावरील आकडा ठरलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचला नाही, तर शेतकऱ्याचे हात रिकामेच राहतात. पिकाच्या बाबतीत हा अन्याय पुढील हंगामात काही अंशी भरून निघू शकतो. माणसाच्या बाबतीत तसा हंगाम नसतो.

समारोप

जागतिक बँकेने या रोख्यांची दुसरी आवृत्ती काढली नाही व २०२१ मध्ये ही सुविधा बंद केली. २०२२ मध्ये स्थापन झालेला 'महासाथ निधी' अनुदानांवर आधारलेला असून रोगसर्वेक्षण, प्रयोगशाळा आणि मनुष्यबळ यांवर साथ येण्यापूर्वीच खर्च करण्यास तो प्राधान्य देतो. ही दिशा योग्य आहे. तथापि निधीचे आकारमान दात्यांच्या मर्जीवर अवलंबून असल्याने प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. वित्तबाजाराचे साहाय्य घेणे मुळातच त्याज्य नाही. परंतु आरोग्यसेवा कोणाला व केव्हा मिळावी, हे ठरविण्याचा अधिकार कराराच्या कलमांकडे गेला की 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थच क्षीण होतो. साथरोग-रोख्यांच्या अल्पायुषी प्रयोगाने शिकविलेला धडा हाच आहे.