पदांचे दुसरे लग्न

गेल्या नाताळच्या सुटीत मेळघाटात सेमाडोह येथे चार दिवस राहण्याचा योग आला. सोबत श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘मूकनायक’ (१९०१) घेतले होते. अकोला, खामगाव, जळगाव-जामोद येथे वकिली करणारा हा नाटककार आम्हां वऱ्हाडकरांच्या अभिमानाचा विषय. त्यामुळे त्याच्याविषयी लिहिताना आमची लेखणी थोडी अडखळते, हे आधीच कबूल करतो. रात्री सिपनेच्या काठी आम्ही त्यातील काही पदे मोठ्याने वाचून दाखविली, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, ही पदे की कोडी?”

प्रश्न आम्हांस झोंबला. त्याचे उत्तर शोधताना आठवण झाली ती मेटास्टासिओ या इटालियन कवीची. १६९८ साली रोम येथे जन्मलेला हा कवी पुढे व्हिएन्नाच्या दरबारचा राजकवी झाला. त्याच्या ‘आर्तासेर्से’ या संगीत-नाटकास १७३० या एकाच साली रोममध्ये विंचीने आणि व्हेनिसमध्ये हासेने संगीत दिले. ‘टीटसची क्षमाशीलता’ या त्याच्या नाटकास १७३४ मध्ये काल्दाराने, १७५२ मध्ये ग्लुकने आणि, संहितेत बराच फेरफार करवून का होईना, १७९१ मध्ये मोत्सार्टने स्वर दिले. शब्द आधी, स्वर मागाहून, असा तेथील क्रम. शिवाय त्याची पदे बहुधा दोन आटोपशीर कडव्यांची व बांधीव वृत्तातली. कोणीही यावे आणि आपली चाल त्यांवर चढवावी.

आपल्याकडे बहुधा उलटा प्रकार झाला. ‘वीरतनया’पासून (१८९६) कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीवरील चाली उचलल्या आणि त्यांच्या मापाने शब्द कापले. साकी-दिंडीला कंटाळलेल्या प्रेक्षकांस ती नवलाई गोड लागली, आणि पुढील नाट्यसंगीतास त्यामुळे नवी वाट सापडली, हे श्रेय त्यांचेच. ‘मानापमाना’च्या (१९११) वेळीही गोविंदराव टेंब्यांच्या चालींवरच खाडिलकरांनी पदे रचली, परंतु त्या चालींत शब्दांस बसावयास जागा तरी होती. कोल्हटकरांच्या पदांत परकी चाल, संस्कृत समास आणि कोटीची हौस या तिघांची एकाच ओळीत दाटी होते. चाल गेली, की ओळीचे लहानमोठेपण निराधार उरते.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ (१८८२) पाहा. चाली त्यांनीही लावणी-कीर्तनांतून घेतल्याच होत्या. परंतु साकी, दिंडी ही वृत्ते घरोघरच्या जिभेवर रुळलेली. आमच्या सौभाग्यवतींनी त्यातील एक दिंडी त्या रात्री दोन तऱ्हांनी म्हणून दाखविली: एक नाटकातली, दुसरी त्यांच्या आजीची. दोन्हींत शब्द सुखी होते.

म्हणून कोल्हटकरांची पदे दुर्बोध आहेत, एवढे म्हणून मोकळे होणे आम्हांस अन्यायाचे वाटते. त्यांचा एकदाच, तोही ठरलेल्या चालीशी, विवाह झाला. दुसऱ्या संगीतकाराने त्यांस मागणी घातलीच नाही. तेवढ्यासाठी दुसऱ्या रात्री ‘मूकनायका’तील दोन पदे आम्ही ओवीच्या ढाळावर म्हणवून पाहिली. एक चांगले तरले. दुसरे तिसऱ्या ओळीशी अडले, आणि तेथे दोष चालीचा नव्हता; समास फोडल्याखेरीज श्वास घ्यावयास जागाच नव्हती.