एल इदिलियोचा धक्का आणि अर्पणपत्रिकेतला माणूस

लुईस सेपुल्वेदा या चिलियन लेखकाची ‘उन व्हिएहो के लेईआ नोवेलास दे आमोर’ ही छोटेखानी कादंबरी १९८९ साली प्रसिद्ध झाली. शीर्षकाचा सरळ अर्थ ‘प्रेमकादंबऱ्या वाचणारा म्हातारा’. तिची अनेक भाषांत भाषांतरे झाली, २००१ मध्ये चित्रपट आला, आणि ‘पर्यावरणवादी कादंबरी’ अशी पाटी तिच्यावर कायमची लागली. पाटी लागायला कारणही होते. हस्तलिखित स्पेनमधल्या ओविएदो शहरात परीक्षकांसमोर असताना, डिसेंबर १९८८ मध्ये, ब्राझीलमधले रबर-कामगारांचे नेते चिको मेंदेस यांची हत्या झाली. सेपुल्वेदांनी पारितोषिक त्यांच्या नावे केले. तेव्हापासून ही कादंबरी जंगल वाचवण्याची कथा म्हणूनच वाचली जाते.

मला ती तशी वाचणे अपुरे वाटते. ही मुळात एका गावाची कादंबरी आहे, आणि त्या गावाला भविष्य आहे का, हा तिचा खरा प्रश्न आहे.

गावाचे नाव एल इदिलियो, म्हणजे सुखाचे रम्य ग्रामचित्र. इक्वाडोरच्या दक्षिणेला नांगारित्सा नदीकाठी लेखकाने ते कल्पनेने वसवले. नाव आणि वास्तव यांतली थट्टा पहिल्या पानापासून सुरू होते. ‘सुक्रे’ नावाची बोट धक्क्याला लागलेली आहे. ती केळ्यांचे हिरवे घड आणि कॉफीची पोती घेऊन परत जाणार. वर्षातून दोनदा येणारा दंतवैद्य धक्क्यावरच खुर्ची मांडून, भूल न देता दात उपटतो आहे. दुखणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकवतो की या वेदनेला सरकार जबाबदार आहे. प्रसंग विनोदी आहे, पण त्यात गावाची सगळी अर्थव्यवस्था मावली आहे: काय बाहेर जाते, काय आत येते, किती वेळाने येते, आणि मध्ये कोण बसले आहे. मध्ये बसला आहे सरकारने नेमलेला प्रमुख, सतत घामाने निथळणारा एक लठ्ठ इसम. लोक त्याला पाठीमागे ‘गोगलगाय’ म्हणतात. पैसे खाल्ल्याबद्दल शिक्षा म्हणून त्याला इथे पाठवले आहे. तो कर गोळा करतो आणि बिअर विकतो. एल इदिलियोत सरकार म्हणजे एवढेच.

कथानायक आंतोनिओ होसे बोलिवार प्रोआन्यो. नावात मुक्तिदाता बोलिवार, पण हा माणूस डोंगराळ भागातला गरीब शेतकरी. बायकोला मूल होत नाही म्हणून गाव नाही नाही ते बोलते, तेव्हा दोघे सरकारच्या वसाहत योजनेत नाव घालून जंगलाकडे निघतात. पेरूबरोबर सीमेचा वाद होता आणि वादातल्या मुलखात आपली माणसे वसवायची होती, म्हणून जमिनीचे आमिष. बस, ट्रक, पायपीट, होडी असा काही आठवड्यांचा प्रवास करून ते पोचतात. हाती काय पडते? दोन हेक्टरांचा कागद, कोयते, फावडी, किडक्या बियाण्याची पोती, आणि कधीच न येणाऱ्या तांत्रिक मदतीचे आश्वासन. पावसात साफ केलेले रान पुन्हा माजते. दुसऱ्या वर्षी बायको मलेरियाने जाते.

ही पाने मराठी वाचकाला परकी वाटणार नाहीत. ‘झाडाझडती’तला जमिनीचा कागद आणि पुनर्वसनाची आश्वासने ज्याने वाचली आहेत, तो त्या किडक्या बियाण्यापाशी थांबेलच. फरक एवढाच की तिथे माणूस आपल्या जमिनीवरून उठवला जातो. इथे उपाशी माणसाला दुसऱ्याच्या जमिनीवर नेऊन बसवले आहे.

दुसऱ्याची जमीन म्हणजे शुआर लोकांची. इक्वाडोरने १९६४ साली जमीन सुधारणा आणि वसाहतीचा कायदा केला, तेव्हा पूर्वेकडचे जंगल कागदोपत्री मोकळे, पडीक धरले गेले. झाडे तोडून जमीन ‘वापरात’ आणल्याचे दाखवले की हक्क पक्का व्हायचा. म्हणजे जंगलतोड हा शेतकऱ्याचा अडाणीपणा नव्हता. सातबारा मिळवायची ती अटच होती. सेपुल्वेदा कायद्याचे नाव घेत नाहीत, पण त्याचा परिणाम अचूक दाखवतात. वसाहतवाले काय करावे ते न कळून मरत असताना शुआर येतात आणि त्यांना मासे धरायला, शिकार करायला, पावसात टिकेल असे खोपट बांधायला शिकवतात.

कादंबरीतले माझे आवडते प्रकरण मात्र वाचनाचे. निवडणुकीसाठी अधिकारी येतात, वाचता येते का विचारतात, आणि म्हाताऱ्याला आपल्याला अक्षरे लागतात याचा शोध लागतो. लिहिता येत नाही, वाचता येते! मग तो माकडे-पोपट पकडून प्रवासाची तजवीज करतो, दुसऱ्या गावातल्या शिक्षिकेकडे महिनोन्‌महिने राहून तिची पुस्तके चाळतो, आणि भूमिती-इतिहास बाजूला सारून प्रेमकथाच निवडतो. पुढे दंतवैद्य दर खेपेला दोन कादंबऱ्या आणतो. त्या निवडते ग्वायाकिलची एक वेश्या. पाठदुखीमुळे उंच मेजाशी उभा राहून, भिंग धरून, एकेक शब्द पुटपुटत तो वाचतो. व्हेनिसमध्ये रस्त्यांऐवजी पाणी कसे, यावर तो आणि त्याचे शिकारी सोबती रात्र घालवतात. नदीवर जन्म काढणाऱ्यांना होड्यांचे शहर कल्पिता येत नाही! वाचनाची थोरवी सांगणारे उतारे पुष्कळ लेखक लिहितात. इथे थोरवी नाही. इथे एका माणसाला स्वतःच्या गावापलीकडची एक जागा हवी आहे. ती त्याला बोटीने कधीच गाठता येणार नाही.

इथपर्यंत कादंबरीशी माझे भांडण नाही. भांडण शुआरांबद्दल आहे.

एका गोऱ्या शिकाऱ्याने पिल्ले मारल्यामुळे पिसाळलेली ओसेलॉट मादी माणसे मारू लागते, तो प्रमुख आधी शुआरांवर आळ घेतो, आणि जखमा पाहून म्हातारा तो खोडून काढतो. हे ठीक. पण कादंबरीतले शुआर एवढ्यापुरतेच आहेत: शहाणे, मुक्त, आणि वसाहत जवळ आली की आणखी पूर्वेला, आत सरकणारे. प्रमुखाबरोबर वाद घालायला, जमिनीसाठी अर्ज करायला, काही मागायला त्यांच्यातले कोणी धक्क्यावर उभे राहत नाही. त्यांच्या वतीने बोलतो तो म्हातारा.

प्रत्यक्षात काय चालले होते? त्याच १९६४ मध्ये सुकुआ इथे शुआर महासंघ स्थापन झाला, सालेसियन मिशनऱ्यांच्या साहाय्याने, पण पुढे आपल्या पायांवर चालणारा. विखुरलेली घरे ‘सेंत्रो’ नावाच्या वस्त्यांत एकत्र आली आणि सामाईक जमिनीचे दाखले मागू लागली. दाखल्यासाठी जमीन वापरात दाखवायची म्हणून शुआरांनीही रान तोडून कुरणे केली, गुरे पाळली. १९७२ पासून महासंघाच्या रेडिओ शाळा शुआर आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत भरत होत्या. आत सरकून नव्हे, कायद्याच्या चौकटीत घुसून त्यांनी जागा राखली, आणि त्यासाठी स्वतःच्या हाताने थोडे जंगलही दिले. हा व्यवहार कादंबरीतल्या कुठल्याही शिकारीपेक्षा अधिक नाट्यमय आहे. त्यात रम्य काही नाही, म्हणूनच कदाचित तो वगळला गेला.

लेखकाला हे ठाऊक नव्हते, असेही म्हणता येत नाही. सेपुल्वेदा सत्तरीच्या दशकात काही महिने शुआरांबरोबर राहिले होते. आणि पुस्तकाची अर्पणपत्रिका वाचावी: ती नांगारित्साच्या वरच्या अंगाच्या सुंबी येथील एका शुआर मित्राला आहे, आणि त्याच्या नावापुढे पद लिहिले आहे, सिंदिको. सेंत्रोच्या निवडलेल्या प्रमुखाला हेच पद असते. म्हणजे ज्याने एका रात्री गोष्टी सांगून कादंबरीचे बीज दिले तो माणूस गावाचा कारभारी होता. बैठकी घेणारा, कागदांवर सह्या करणारा. अर्पणपत्रिकेनंतर तो पुन्हा दिसत नाही.

कोणी म्हणेल, ललितकृतीकडून अहवालाची अपेक्षा कशाला? अपेक्षा अहवालाची नाही, एका पात्राची आहे. घामट प्रमुखासमोर एक सिंदिको उभा केला असता तर म्हातारा दोन जगांचा एकटा दुभाषी उरला नसता, आणि त्याचे एकटेपण अधिक खरे झाले असते. शेवटी तो मादीला मारतो, बंदूक नदीत फेकतो आणि प्रेमकथांकडे परततो. शेवट हृद्य आहे, पण जिथे कोणाकडेच काही करण्याजोगे उरलेले नाही अशा गावाचा तो शेवट आहे.

नदी मात्र थांबलेली नाही. ऐंशीच्या दशकात त्याच सामोरा-चिंचिपे प्रांतात नांबिखाचे सोने निघाले, गर्दी लोटली, आणि १९९३ मध्ये दरड कोसळून तिथली वस्ती गाडली गेली. सीमेचा तंटा १९९८ च्या करारानंतर मिटला. ज्या तंट्यासाठी प्रोआन्योला आणून टाकले होते तोच संपला. २००८ च्या राज्यघटनेने निसर्गाला हक्क दिले, आणि २०१९ मध्ये याच प्रांतात मिरादोरची तांब्याची उघडी खाण सुरू झाली. या प्रत्येक वळणावर शुआर संघटना बाजूने, विरोधात, कधी आपसांत भांडत उभ्या राहिलेल्या आहेत. एल इदिलियोच्या धक्क्यावर त्या कुठे उभ्या राहिल्या असत्या, हे लिहिणारी कादंबरी शुआर भाषेत यावी अशी मी वाट पाहतो आहे. तोवर सेपुल्वेदांची वाचावी, अर्पणपत्रिकेसकट.