कुलूप नेमके कशाला? लिनक्स कर्नलमधल्या एका दुरुस्तीची समीक्षा

मित्रहो, आज समीक्षेसाठी आपण एक दुरुस्ती घेतली आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये 'बिग कर्नल लॉक' नावाचे एक मोठे कुलूप होते. ते १९९६ साली २.० आवृत्तीबरोबर आले आणि २०११ साली २.६.३९ आवृत्तीत पूर्णपणे गेले. एवढी पंधरा वर्षे का लागली, आणि जे झाले ते कितपत बरे झाले, हा आजचा विषय. तत्त्वज्ञानाच्या माणसाने कर्नलमध्ये कशाला डोकवायचे, असे कुणी विचारील. आमचे उत्तर असे की हा प्रश्न मुळात लक्षणाचा, म्हणजे व्याख्येचा आहे. आणि तो तर आमच्याच घरचा.

आधी थोडी ओळख. प्रोग्रामला यंत्राशी बोलायचे तर वाचणे आणि लिहिणे या दोन क्रिया ठरलेल्या असतात. पण सीडीचा ट्रे बाहेर काढ, सिरियल पोर्टचा वेग बदल, ही कामे त्यांत बसत नाहीत. त्यासाठी १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये एक सर्वसमावेशक कॉल आला, आयऑक्टल. त्यात काय द्यायचे? उघडलेले उपकरण, आज्ञेचा क्रमांक आणि बहुधा माहितीचा पत्ता. गंमत अशी, की कर्नलच्या वरच्या थराला त्या क्रमांकाचा अर्थ ठाऊक नसतो. तो कळतो फक्त त्या उपकरणाच्या ड्रायव्हरला. हे लक्षात ठेवा बरं का, पुढचे सगळे यावर उभे आहे.

लिनक्स २.० मध्ये एकाहून जास्त प्रोसेसर चालवण्याची सोय झाली. जुने ड्रायव्हर एकाच प्रोसेसरच्या भरवशावर लिहिलेले होते. म्हणून नियम केला, की कर्नलमध्ये एका वेळी एकच प्रोसेसर. सुरुवातीला हे शहाणपणाचेच होते. पुढे कर्नलच्या इतर भागांनी आपापली लहान कुलपे केली. आयऑक्टल मात्र मागे राहिला. वरचा थर मोठे कुलूप लावायचा, मग ड्रायव्हरला हाक मारायचा. म्हणजे काय, तर ज्याला आज्ञेचा अर्थच कळत नाही, तो तिच्या रक्षणाची हमी देत होता.

न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. गाईचे लक्षण 'शिंगे असणे' असे केले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'कपिल रंग' म्हटले तर काळी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'एकच अखंड खूर' म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. आता हे मोठे कुलूप या कसोटीवर घासून पाहू.

अतिव्याप्ती उघड आहे. एका यंत्राच्या ड्रायव्हरमुळे भलत्याच यंत्राचे काम खोळंबते. अव्याप्ती मात्र लपलेली आहे. कुलूप धरणारे काम झोपी गेले, म्हणजे कशाची तरी वाट पाहू लागले, की हे कुलूप आपोआप सुटायचे आणि जागे झाल्यावर परत लागायचे. समजा ड्रायव्हरने पाहिले, 'जागा रिकामी आहे'. मग त्याने मेमरी मागितली आणि तेवढ्यात तो झोपला. मधल्या काळात दुसरा आत येऊन ती जागा घेऊन जातो. पहिला उठतो आणि जुन्याच समजुतीवर पुढे लिहितो. लिहिणाऱ्याला वाटत राहते, आपण कुलपात आहोत.

२००५ साली २.६.११ मध्ये ड्रायव्हरांसाठी नवा मार्ग आला, 'अनलॉक्ड आयऑक्टल'. या मार्गाने हाक मारताना वरचा थर कुलूप लावत नाही. लागेल ते ड्रायव्हरने स्वतः लावावे. मग एकेका ड्रायव्हरमध्ये कुलपाची ओळ वरून खाली नेली गेली, आणि २०१० साली २.६.३६ मध्ये जुना मार्ग बंद झाला. वरवर पाहता यात काहीच बदलले नाही. तेच कुलूप, फक्त एक पायरी खाली. पण आमच्या मते या दुरुस्तीतले सर्वांत मोलाचे पाऊल हेच. हमी देण्याचे काम आता अशा ठिकाणी आले, जिथे 'कशाची हमी?' या प्रश्नाचे उत्तर निदान शोधता येते.

आमचा आक्षेप पुढच्या पावलावर आहे. अनेक ड्रायव्हरांत मोठ्या कुलपाच्या जागी यांत्रिकपणे एक खासगी म्युटेक्स बसवला गेला. अतिव्याप्ती आटोक्यात आली, खरे. पण म्युटेक्स झोपेत सुटत नाही. कल्पना करा, कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरमध्ये एक प्रोग्राम आयऑक्टलने सांगतो, 'पुढचे चित्र येईपर्यंत थांबतो', आणि झोपतो. दुसऱ्याला सांगायचे आहे, 'चित्रण सुरू कर'. पूर्वी कुलूप सुटायचे आणि तो आत यायचा. आता तो दाराशीच अडकतो, आणि चित्र काही येत नाही. साध्या म्युटेक्सवर अडकलेल्याला बाहेरून मारूनही टाकता येत नाही. आणि ज्या ड्रायव्हरमध्ये सामायिक असे काही नव्हतेच, तिथला म्युटेक्स म्हणजे निव्वळ असंभव. राखण आहे, राखायचे काही नाही.

यावर दुसरी बाजू अशी, की ड्रायव्हर शेकडो, आणि कित्येक यंत्रे तपासायला कुणाजवळ उरलेलीही नव्हती. प्रत्येकाचा अभ्यास कोण करणार? ही अडचण खरी आहे, आम्ही ती मान्य करतो. यंत्र हाताशी नसताना जुने वर्तन शक्य तितके जपणे यात विवेक आहे. पण मग कुलपाशेजारी एक ओळ हवी होती, 'हे काय राखते ते तपासलेले नाही'. ती नसली की पुढचा वाचक समजतो, कुणीतरी विचार करून लावले असणार. अज्ञान असे हळूहळू परंपरा होऊन बसते, आणि ते काढायला पुन्हा वर्षे जातात.

कर्नल लिहिणाऱ्यांत एक जुना दंडक आहे, कुलूप कोडला लावू नये, माहितीला लावावे. तेव्हा तुमच्यापैकी जे ड्रायव्हर लिहितात, त्यांनी प्रत्येक कुलपापाशी तीन प्रश्न विचारावेत. कोणती माहिती राखायची आहे? तिला स्पर्श करणाऱ्या सगळ्या वाटा याच कुलपातून जातात का? आणि कुलूप हातात असताना आपण झोपतो का? पहिल्याचे उत्तर एका वाक्यात येत नसेल, तर उरलेल्या दोघांकडे वळूच नका, आधी ते वाक्य शोधा.

आज इथे थांबू. पुढच्या व्याख्यानात, ६४ बिटांच्या कर्नलवर ३२ बिटांचा प्रोग्राम आला की आयऑक्टलच्या त्याच क्रमांकाचा अर्थ का बिघडतो, ते पाहू.