शिळ्या आज्ञेचा प्रश्न : आयस्कझी प्रोटोकॉलची एक चिकित्सा

दूरस्थ साठवणीसाठीचा आयस्कझी प्रोटोकॉल २००४ मध्ये आरएफसी ३७२० द्वारे प्रमाणित झाला. २०१४ च्या आरएफसी ७१४३ ने त्याची पुनर्मांडणी केली. त्यातील आज्ञांना ३२ बिटांचा अनुक्रमांक असतो. पोच न मिळाल्यास आज्ञा त्याच क्रमांकाने पुन्हा पाठविता येते. मूळ आज्ञा पोहोचली असल्यास ही दुसरी प्रत जुनी ठरून टाकली जाते. परंतु अनेक जोडण्यांच्या सत्रात एकच जोडणी तुंबली तर? सेकंदाला १० लाख आज्ञांच्या गतीने क्रमांकांचे चक्र सुमारे ७२ मिनिटांत पूर्ण होते आणि अडकलेली शिळी प्रत पुन्हा वैध भासू शकते. नव्या नोंदीवर जुनी नोंद उमटेल, तीही त्रुटीच्या सूचनेविना.

यावर प्रमाणकाचा उपाय असा : पुनर्प्रेषण झालेल्या जोडणीवर २,१४,७४,८३,६४७ आज्ञांच्या आत नवी आज्ञा पाठवून तिची पोच घ्यावी. टीसीपी क्रम राखत असल्याने त्या पोचेतून मागील प्रत बाहेर पडल्याचे सिद्ध होते. युक्तिवाद निर्दोष आहे. दायित्वाची वाटणी मात्र एकांगी आहे. पालन सर्वस्वी आज्ञा पाठविणाऱ्याकडे. चक्र उलटल्यावर शिळी प्रत ओळखण्याचे साधन साठवण-बाजूकडे नाही. लिनक्सवरील ओपन-आयस्कझी शून्य स्तराच्या त्रुटी-दुरुस्तीवरच थांबते, म्हणजे जोडणी बिघडताच सत्र नव्याने उभारते. हा मार्ग खर्चिक खरा, पण त्यात शिळी प्रत जुन्या जोडणीबरोबरच संपते.