शाळेचा अंक आणि त्याची कच्ची वही

शाळेचा वार्षिक अंक हा वाङ्मयप्रकार आमच्या टीकाकारांनीं अद्यापि मनावर घेतलेला नाहीं. काव्यसंग्रहांचे, नाटकांचे, दिवाळी अंकांचे परामर्श निघतात. परंतु ज्या अंकांत आपलें नांव प्रथम छापून आलें आणि तें पाहून आईनें देवापुढें साखर ठेविली, त्या अंकाविषयीं मोठेपणीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं. तो ट्रंकेच्या तळाशीं पडून असतो. अशा अंकाचें परीक्षण करणें म्हणजे बाहुलाबाहुलीच्या लग्नास मुहूर्त पाहण्यासारखें आहे, असें कित्येकांस वाटेल. तरीहि आम्हीं तें आज योजिलें आहे. कारण असें कीं, अमरावतीच्या राजापेठेंतील एका शाळेचा अंक आमच्याकडे आला तो एकटा आला नाहीं. त्याच्याबरोबर त्याची कच्ची वहीहि आली.

अंक छापण्यापूर्वीं कोणतें पान कोणाचें, चित्र कोठें, चौकट केवढी, हें दाखविण्यासाठीं कोऱ्या कागदांची एक नकली प्रत बांधतात. छापखान्यांत तिला डमी म्हणतात. या शाळेंतील नववीच्या मुलामुलींनीं ती साध्या रेघी कागदांची, मधून दोरा ओंवून केली आहे. पृष्ठें ४८, म्हणजे सोळा पानांचे तीन फर्मे. हा हिशेब त्यांस कोणीं तरी नीट समजावून दिला असावा; कारण आरंभींच एका मुलीनें लिहून ठेविलें आहे कीं, एक पान वाढवूं म्हटलें तर एकच पान वाढत नाहीं. ज्यास एवढें कळलें त्यास संपादनाचें निम्मे मर्म कळलें, असें आम्ही समजतों. मोठमोठ्या दिवाळी अंकांच्या संपादकांस तें शेवटच्या आठवड्यांत कळतें.

वही आम्हीं दोन बैठकींत वाचली. तींत लेख थोडे आहेत, योजना फार आहे. मुलांनीं प्रथम एक प्रश्न धरला: शाळा भरण्यापूर्वीं व सुटल्यानंतर राजापेठेंत काय चालतें? मग पानें वांटून घेतलीं. बडनेऱ्याच्या रस्त्यावरची सकाळची रहदारी एकाकडे. उड्डाणपुलाच्या सावलींत सायकलींचीं चाकें सरळ करणारा कारागीर दुसऱ्याकडे. संत्र्यांची हातगाडी तिसरीकडे. हातगाडीच्या पानावर टीप आहे कीं, मृगबहाराचें फळ यावयास फेब्रुवारी उजाडेल आणि अंक तर जानेवारींत निघावयाचा. म्हणून अंबिया बहाराचेंच छायाचित्र दिवाळीनंतर घ्यावें. वऱ्हाडच्या मुलांशिवाय ही टीप कोण लिहील? प्रत्येक चौकटींत वेळ दिलेली आहे. दुपारीं बारानंतर चेहरा टिपूं नये, डोळ्यांखालीं काळें पडतें, अशीहि एक सूचना दोनदां अधोरेखित केलेली आहे. आणि तेविसाव्या पानावर पूर्ण पानाची चौकट आंखून तींत लिहिलें आहे: झाडणाऱ्या बाई, सकाळीं साडेसहा, पटांगण, ऊन मागून.

आतां छापील अंक उघडावा. पहिलीं चार पानें गुळगुळीत कागदाचीं. त्यांवर संस्थेचे अध्यक्ष, चिटणीस, मुख्याध्यापक यांचे संदेश व चेहरे. पुढें स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे दीप लावतांना, तेच हार घेतांना आणि तेच बक्षीस देतांना. तिसऱ्या चित्रांत बक्षीस घेणाऱ्या मुलीचा एक हात व अर्धी वेणी आली आहे. मुलांनीं योजिलेल्या एकोणीस चित्रांपैकीं सहा छापलीं आहेत, तींहि आगपेटीएवढीं. हातगाडी गेली, सायकलवाला गेला. तेविसाव्या पानावर पाहूं गेलों तों तेथें गाडगे महाराजांवर निबंध!

गाडगे महाराजांविषयीं अमरावतीच्या अंकांत निबंध असूं नये असें कोण म्हणेल? त्यांचा जन्म याच जिल्ह्यांतला, १८७६ मधला. २० डिसेंबर १९५६ रोजीं त्यांनीं देह ठेविला तोहि याच परिसरांत. समाधि अमरावतींतच आहे. परंतु हा निबंध पाठ्यपुस्तकाचा उतारा थोडा इकडेतिकडे करून केलेला आहे, आणि ज्या पानावरून खराटा हातीं घेतलेली बाई काढली त्याच पानावर खराट्याची थोरवी गायिली आहे. ही निवड ज्यानें केली त्याच्या मनांत वाईट कांहीं नसावें. त्यास या दोन गोष्टींचा संबंधच दिसला नसावा, आणि आमचें दुखणें नेमकें तेंच आहे.

असें कां होतें, याला इतिहास आहे. जस्ताच्या ठशांवरून चित्रें छापीत त्या काळीं प्रत्येक छायाचित्राचा निराळा ठसा करावा लागे, त्याचे पैसे चौरस इंचावर पडत, आणि चित्र उठावें तर कागदहि उंची लागे. शाळेच्या ऐपतींत दोनतीन ठसे बसत. मग ते कोणाचे करावे? देणगीदाराचा, पाहुण्यांचा, आणि पुढें सतरंजीवर मुलें व मागें खुर्चीवर गुरुजन असा एक समूहाचा. यांत कृतज्ञता होती व काटकसरहि होती. त्या पिढीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पुढें ऑफसेट छपाई आली, संगणकावर पानें लागूं लागलीं, आणि चित्र व मजकूर यांच्या खर्चांत पूर्वीची तफावत उरली नाहीं. ठसे गेले, ठशांनीं लाविलेली संवय मात्र गेली नाहीं. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजना'नें १९०९ मध्यें पहिला दिवाळी अंक काढून चित्रमय अंकाची चटक मराठी वाचकास लाविली. त्या थाटाचें अनुकरण शाळांनीं केलें तें मुखपृष्ठापुरतें.

मुलांसाठीं लिहिणें व मुलांनीं लिहिणें यांतहि आम्हीं नेहमीं गल्लत केली. वासुदेव गोविंद आपटे यांचा 'आनंद' १९०६ पासून घरोघर गेला; त्याचे उपकार मोठे, परंतु तो वडिलांनीं मुलांस दिलेला खाऊ होता. साने गुरुजींचें उदाहरण तर फार हृद्य आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत ते १९२४ पासून १९३० पर्यंत शिक्षक होते व वसतिगृहाचें कामहि त्यांच्याकडे होतें. तेथें 'छात्रालय' या नांवाचें दैनिक ते स्वतः हातानें लिहून मुलांपुढें ठेवीत. एवढी माया दुसऱ्या कोणत्या नियतकालिकाच्या मागें होती, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. तथापि तेथेंहि लेखणी गुरुजींच्याच हातीं होती.

लेखणी मुलांच्या हातीं दिल्याचींहि उदाहरणें आहेत. डेहराडूनच्या डून स्कुलाचें साप्ताहिक १९३६ पासून विद्यार्थी चालवीत आले. परंतु राजापेठेच्या वहीशीं ज्याचें खरें नातें जुळतें तें अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांतलें. तेथें राबन गॅप या डोंगरी भागांतील शाळेच्या मुलांनीं १९६६ मध्यें 'फॉक्सफायर' नांवाचें नियतकालिक योजिलें. कविता जमविण्यापेक्षां त्यांनीं आपल्याच म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे जाऊन विचारलें: लांकडाच्या ओंडक्यांचें घर कसें उभारतात? साबण घरीं कसा करतात? उत्तरें उतरून घेतलीं, आणि काम करणाऱ्या हातांचीं छायाचित्रें क्रमानें घेतलीं, अशीं कीं वाचणारास तें काम स्वतः करून पाहतां यावें. १९७२ मध्यें त्यांतील निवडक मजकुराचें पुस्तक झालें आणि तें देशभर खपलें. त्यांतील छायाचित्र शोभेसाठीं नव्हतें. तेंच उत्तर होतें. आमच्या मुलांनीं हें नांव ऐकलें नसेल, पण सायकलवाल्याच्या पानावर चार लहान चौकटी काढून त्यांत 'पंक्चर शोधणें, घांसणें, चिकटविणें, हवा' असें लिहिलें आहे. वाट तीच आहे.

शिक्षकांच्या बाजूनेंहि दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. अंकाचा खर्च जाहिरातींतून निघतो. जाहिरात देणाऱ्याच्या दुकानीं तेच जातात. संस्थेच्या एखाद्या सभासदाचा चेहरा राहून गेल्यास बोलणीं त्यांनाच खावीं लागतात. अंकाचें काम त्यांस अध्यापनाहून निराळें व बिनमोलाचें असतें. त्यांस दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. परंतु चार पानें मानाचीं ठेवून चव्वेचाळीस मुलांस देतां आलीं असतीं. हा तोडगा वहींतच, पेन्सिलीनें, शेवटच्या पानावर मांडलेला आहे. तो नाकारलेला दिसत नाहीं. कोणीं वाचलेलाच दिसत नाहीं.

मुलांचीहि तरफदारी आम्ही आंधळेपणानें करणार नाहीं. छापलेल्या सहा चित्रांपैकीं चार धुरकट आहेत. तीं मोबाईलवरून निरोपाबरोबर छापखान्यांत धाडलीं गेलीं. अशा वाटेनें जातांना चित्र दाबून लहान केलें जातें, पडद्यावर तें चांगलें दिसतें आणि कागदावर त्याची रया जाते. मूळ चित्र जसेंच्या तसें नेऊन द्यावयास हवें होतें. चित्रांखालील ओळी तर अगदींच निकामी: 'निसर्गरम्य दृश्य', 'कष्टकरी'. पुलाखालच्या सावलींत निसर्ग कोठून आला? जो डोळा वेळ व ऊन इतकें पाहतो, त्याच्या लेखणीस शब्द हुडकण्याचा कंटाळा कां यावा?

आणि सर्वांत मोठी उणीव त्याच तेविसाव्या पानावर आहे. मूळ छायाचित्र आम्हीं मागवून पाहिलें. धुळीचा लोट मागच्या उन्हानें उजळला आहे, बाईंची पाठ वांकलेली आहे, खराटा हवेंत अर्धा उचललेला आहे. शाळेंत घेतलेलें इतकें चांगलें चित्र आमच्या पाहण्यांत नाहीं. पण सबंध वहींत त्यांचा उल्लेख 'झाडणाऱ्या बाई' एवढाच आहे. सायकलवाल्याचें नांव आहे, हातगाडीवाल्याचें आहे, उड्डाणपुलाचा खर्च किती झाला तोहि कोणीं तरी विचारून लिहिला आहे. रोज साडेसहाला ज्यांच्या हातून शाळा उघडते त्यांचें नांव, आणि आपलें चित्र छापावें काय हें त्यांस विचारल्याची खूण, कोठेंहि नाहीं. पाहुण्यांचें नांव मात्र पदव्यांसह तीन वेळां आहे. पान गाळणारांहून पान आंखणारे या बाबतींत फारसे पुढें गेले होते असें आम्हांस म्हणवत नाहीं.

हें आम्हीं संपादक मुलीस कळविलें. ती रागावेल असें वाटलें होतें. आठ दिवसांनीं उत्तर आलें. त्यांत बाईंचें नांव आहे, त्या या शाळेंत किती वर्षें आहेत तें आहे, आणि चित्र छापावयास त्यांची हरकत नाहीं, मात्र नवें लुगडें नेसून दुसरें काढावें अशी त्यांची इच्छा आहे, असेंहि आहे. यावर समितींत वाद चालू आहे. मुलांस जुनेंच चित्र हवें आहे. आमचें मत विचारलें, तें आम्हीं दिलें नाहीं. नांवहि येथें देत नाहीं. तें प्रथम त्यांच्याच अंकांत छापलें जावें हें बरें. वही आम्हीं परत पाठविली आहे.