चिंध्यांची मांडणी

वस्त्रांचं प्रदर्शन मांडणाऱ्याला सगळ्यात आधी क्रम ठरवावा लागतो. नजरेला पहिलं काय पडावं, उजेड कुठे थांबावा, गोष्ट कोणत्या वळणावर उलगडावी? 2023 मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘इंडिया इन फॅशन’ हे प्रदर्शन भरलं. वेशांची निवड हॅमिश बोल्स यांची, दालनांची रचना पॅट्रिक किनमाँथ यांची. भारतीय कापडानं पाश्चात्त्य पोशाखाला काय दिलं, ती गोष्ट शंभरावर पोशाखांतून तिथे सांगितली होती. काम मोठंच. तरी वेश, जागा आणि गोष्ट यांची सर्वांत घट्ट वीण मला दिसते ती वऱ्हाडात, कीर्तनकार गाडगेबाबांपाशी.

डोईवर खापर. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. अंगात रंगीबेरंगी चिंध्या जोडून शिवलेला अंगरखा, एका पायात एक वहाण, दुसऱ्यात भलतीच. हातात खराटा.

हा वेश सावकाश वाचण्यासारखा आहे. यात जोडी कुठेच जुळत नाही, ना कानांत, ना पायांत. त्या काळी पागोट्याच्या बांधणीवरून माणसाची जात ओळखू येई, धोतराच्या पोतावरून ऐपत कळे. या अंगरख्यावरून काहीच कळत नाही. प्रत्येक चिंधी वेगळ्या कापडाची, कुणाच्या तरी अंगावरून उतरलेली. सगळ्या एका टाक्यात आल्या की कुणाची कुठली हे सांगता येत नाही. आणि हे शिवणारा माणूस कोण? 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परटाच्या घरी जन्मलेला डेबूजी झिंगराजी जाणोरकर. मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाकडे तो वाढला. दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्या घरात, कापड माणसाला कसा मान देतं आणि कसा काढून घेतं, हे शिकवावं लागत नाही. 1905 साली त्यानं घर सोडलं. पुढचा वेश अजाणतेपणी अंगावर आलेला नाही, तो घडवलेला आहे असं मी मानतो.

आता जागा. बाबा गावात शिरत तेव्हा ते कोण हे बहुतेकांना ठाऊक नसे. वेडा म्हणून लोक हसत, पोरं मागे लागत. ते बोलत नसत. गल्ल्या आणि चौक झाडायला लागत. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन उभं राही आणि लोकांना कळे, की दिवसभर केर काढणारा तोच बुवा आहे. मांडणीचं सगळं मर्म या क्षणात आहे. प्रेक्षक सकाळीच निकाल देऊन बसलेला असतो. रात्री त्याच्या पायाखालची स्वच्छ जमीन तो निकाल उलटवते. मग बुवा वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारू लागतात: कर्ज काढून सण कशाला, दारू कशाला, देवाला बकरं कशाला, पोराला शाळेत का नाही घातलं? उत्तर लोकांच्याच तोंडून येतं. सकाळी न वाचलेला अंगरखा तेव्हा कुठे वाचता येऊ लागतो. शब्द आधी आले असते तर वेश नुसतं सोंग ठरला असता. क्रमानंच त्याला अर्थ दिला.

दालनात वेशापुढे काच असते. इथेही एक अंतर होतं. बाबा कुणाला पाया पडू देत नसत, आपण कुणाचे गुरू नाही असं सांगत. त्यामुळे नजर त्यांच्यावर खिळून राहत नसे, बोलण्याकडे वळे. त्यांच्या पुढाकारानं पूर्णा नदीवर ऋणमोचनला घाट झाला, पंढरपुरात आणि नाशकात धर्मशाळा उभ्या राहिल्या. अंगावरच्या चिंध्या मात्र चिंध्याच राहिल्या.

8 नोव्हेंबर 1956 चं त्यांचं शेवटचं कीर्तन वांद्र्यातच, पोलिसांच्या वसाहतीत झालं आणि ते ध्वनिमुद्रित आहे. 20 डिसेंबरला अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ ते गेले.

अमरावतीत किंवा अकोल्यात कुणी वेशभूषेचं दालन उभारणार असेल, तर माझी एक विनंती. हा वेश चकचकीत चौथऱ्यावर, दिव्यांच्या झोतात ठेवू नका. दारातच खराटा ठेवा, येणाऱ्याला चार हात जमीन झाडू द्या. मग वेश दाखवा, त्यानंतर तो आवाज ऐकवा, आणि नावाची पाटी सगळ्यात शेवटी लावा.